तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे जाहीर आभार

काका, सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दाराच्या फटीतून सरकवता आलं असतं. पण माझा लॅपटॉप दुरुस्त करायला मदत केलीत त्याबद्दल पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "वही नीट लिहून ठेव, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून चारचौघांत लिहितेय. आभारही चारचौघांतच मानायचे आहेत.

वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडं सांगते. मी कळव्याला खारेगावात राहते, घरून डीटीपी (संगणकावर छपाईची पानं मांडणं) आणि मुद्रितशोधन करते. गणपती उठले की आमच्याकडे दिवाळी अंकांची घाई सुरू होते. यंदा दोन अंक हातात होते. लॅपटॉप सात वर्षांचा, सेकंडहँड घेतलेला. भाच्याने त्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली आणि तो पुण्याला गेला. लिहायला लिबर ऑफिस आणि पानं लावायला स्क्रायबस, एवढ्यावर माझं सगळं भागतं. दोन वर्षं कुरकुर नव्हती, कारण रोज रात्री मी तो पूर्ण बंद करत असे. यंदा पहिल्यांदाच वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात रोजची ये-जा सुरू झाली. घरी झाकण मिटायचं, कळव्याला लोकल पकडायची, ठाण्याला उतरून रिक्षा करायची आणि छापखान्यात झाकण उघडायचं.

झाकण उघडलं की स्क्रीन येई, पासवर्ड टाकता येई, पण पानाच्या मधोमध उभा असलेला बाण हलत नसे. टचपॅडवर बोट कितीही फिरवा. कधी कधी वायफायही गेलेलं असे, नेटवर्कची यादीच रिकामी. मग सगळं सेव्ह करून रीस्टार्ट. उघडी असलेली दहा-बारा प्रुफं पुन्हा उघडायची, कुठल्या पानावर होतो ते शोधायचं. दिवसातून तीनदा. पीडीएफ पाठवायच्या नेमक्या वेळी हे झालं की समोर मशीनवाला हात बांधून उभा राही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवलं तर मदरबोर्ड गेलाय, अकरा हजार होतील म्हणाले. दुसऱ्याने सांगितलं, लिनक्स काढून टाका. अकरा हजार म्हणजे एका अंकाचं जवळजवळ सगळं मानधन. तरी मी पैसे काढायला निघाले होते. त्याच दिवशी जिन्यात तुम्ही आणि काकू भेटलात. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तुम्हाला आठवडा झाला होता, काळा चष्मा होता. मी सहज बोलून गेले. तुम्ही एका पायरीवर थांबून एकच विचारलंत, "रीस्टार्ट केल्यावर दर वेळी चालतं?"

मी म्हटलं, दर वेळी.

"मग पैसे आत्ता काढू नकोस. संध्याकाळी वर ये."

टेलिफोन खात्यात तुमची तीस वर्षं गेली हे आम्हाला सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. लाइनमनचा टेस्ट फोन अजून तुमच्या भिंतीवर खिळ्याला लटकतो. पण त्या तीस वर्षांचा माझ्या लॅपटॉपशी काय संबंध, हे मला त्या संध्याकाळी कळलं. फोन बंद पडल्याची तक्रार आली की आख्खी केबल कुणी उकरत नाही, असं तुम्ही सांगितलंत. आधी एक्स्चेंजमध्ये तपासायचं, मग पिलरवर (रस्त्याकडेची केबलची मोठी पेटी), मग डीपीवर (तिथून घराघरांत लाइन वाटणारी छोटी पेटी), मग घरात. जिथपर्यंत आवाज येतो तिथपर्यंत लाइन ठीक. फॉल्ट कुठे नाही ते आधी ठरवायचं.

डोळ्यांमुळे तुम्हाला स्क्रीनवरची बारीक अक्षरं दिसत नव्हती. त्यामुळे टाइप मी करायचं, वाचून दाखवायचं मी आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचं, असं ठरलं. या ऐकण्याबद्दल मला तुमचे सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. समोरच्याच्या हातातून कीबोर्ड काढून घेणारे मदतनीस मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचं काम झटपट होतं आणि आपल्या हाती काही उरत नाही.

पहिल्यांदा तुम्ही मला सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची आधीची आवृत्ती, निवडायला लावलात. तरी तेच. म्हणजे नव्या अपडेटचा दोष नाही. मग यूएसबी माउस लावला. झोपेतून उठल्यावर, म्हणजे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर, तो चालला. कीबोर्डही चालत होताच. मी विचारलं, कीबोर्ड चालतो तर शेजारचा टचपॅड का नाही? तुम्ही म्हणालात, शेजारी असले तरी दोघांच्या वायरी वेगळ्या. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड जुन्या पीएस-टू पद्धतीने जोडलेला आणि टचपॅड आयटूसी नावाच्या बारीक दोन तारांच्या मार्गावर. एका घराला दोन वेगळ्या डीपींवरून लाइन यावी तसं.

मग तुम्ही मला झोप म्हणजे काय ते समजावलंत. झाकण मिटलं की मशीन एकदम झोपत नाही, पायरीपायरीने झोपतं. आधी सगळे प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले जातात. मग प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, आपापलं उपकरण झोपवतो. मग बायोसला (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच असलेला मूळ प्रोग्रॅम) तयारीची सूचना जाते, एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात आणि सरतेशेवटी फक्त रॅमला वीज उरते. उठताना हेच उलट्या क्रमाने. यातल्या कुठल्या पायरीवर घोटाळा होतो ते पाहण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. कर्नलसोबतच्या कागदपत्रांत राफाएल विसोत्स्की यांचं २००७ सालचं एक टिपण आहे, ते तुम्ही मला उघडायला लावलंत. 'पीएम टेस्ट' नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात पायरीचं नाव लिहायचं आणि मशीन झोपवायचं. तेवढ्या पायरीपर्यंत जाऊन ते पाच सेकंद थांबतं आणि परत येतं. पायऱ्या पाच: फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर.

"हे बघ, पिलर आणि डीपी," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा खुलला होता.

फ्रीझर लिहिलं. स्क्रीन गेली, आली, बाण हलला. डिव्हाइसेस लिहिलं. स्क्रीन गेली, पाच सेकंद, आली. बोट फिरवलं. बाण मेला होता.

काका, बंद पडलेली वस्तू पाहून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मशीन खऱ्या अर्थाने झोपलंही नव्हतं. वीज गेली नव्हती, बायोसपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. नुसतं ड्रायव्हरने टचपॅडला झोपवून उठवलं एवढ्यात तो गेला होता. अकरा हजारांच्या मदरबोर्डवरचा संशय त्या पाच सेकंदांत फिटला. मग कर्नलच्या नोंदी काढल्या, मी एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीला तुम्ही हात वर केलात: आयटूसी-हिडच्या, म्हणजे टचपॅडच्या, ड्रायव्हरला उपकरण रीसेट करता आलं नाही, अशा अर्थाची ती ओळ होती. तुम्ही ड्रायव्हरचं ते मॉड्यूल (कर्नलमध्ये घालता-काढता येणारा तुकडा) मॉडप्रोब या आज्ञेने काढून पुन्हा घालायला सांगितलंत. दोन ओळी. बाण हलला. काकू आत गवती चहा गाळत होत्या, त्या माझ्या ओरडण्याने बाहेर आल्या.

मी तर तेवढ्यावर उठले असते. तुम्ही म्हणालात, "वायफायचं काय? तो वेगळा फॉल्ट आहे." मला तर एकाच दुखण्याची ती दोन लक्षणं वाटत होती. दुसऱ्या संध्याकाळी कळलं की तुमचं बरोबर होतं. पाचही पायऱ्यांच्या चाचणीत वायफाय ठणठणीत. खऱ्या झोपेतून उठल्यावरच ते जाई, आणि तेही कधी कधी. गेलं की मशीनला आतून जोडलेल्या कार्डांच्या (पीसीआय) यादीतूनच नाहीसं होई. या 'कधी कधी'वर तुम्ही अडून बसलात. "तीनदा चाललं म्हणजे काही सिद्ध होत नाही. दहादा कर."

म्हणून वहीत रकाने आखले. झोपेचा प्रकार, टचपॅड, वायफाय. आरटीसीवेक नावाच्या आज्ञेने लॅपटॉप तीस सेकंद झोपून आपोआप उठतो, त्यामुळे झाकण उघडमीट करावं लागलं नाही. दहापैकी चार वेळा वायफाय गेलं. मग 'मेम स्लीप' नावाची फाइल वाचून दाखवली. तिच्यात दोन शब्द होते, एस-टू-आयडल आणि डीप, आणि चौकोनी कंस डीपभोवती, म्हणजे सध्या तीच झोप निवडलेली. डीप म्हणजे रॅमखेरीज जवळपास सगळ्याची वीज तोडणारी झोप. १९९६च्या एसीपीआय मानकात तिला एस-थ्री म्हणतात, आणि तिच्यात उठवण्याची सुरुवात बायोसकडून होते. एस-टू-आयडलमध्ये मशीन बायोसच्या हाती जात नाही, कर्नलच सगळं शांत करून प्रोसेसरला डुलकी घेऊ देतो. माझ्या मॉडेलला बायोसची नवी आवृत्ती नव्हती, ते तुम्ही आधीच बघायला लावलं होतंत. आपण फाइलीत एस-टू-आयडल लिहिलं आणि पुन्हा मोजायला बसलो. वीस वेळा झोपवला, वीसही वेळा वायफाय जागेवर. टचपॅड मात्र वीसही वेळा गेला. वहीत ते दोन रकाने शेजारी शेजारी दिसले तेव्हा दोन फॉल्ट म्हणजे काय ते मला कुणी समजावायची गरज उरली नाही.

पुढचं थोडक्यात. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये झोपेचा प्रकार कायमचा एस-टू-आयडल केला, नाहीतर रीस्टार्टनंतर तो पुन्हा डीप होतो. टचपॅडसाठी सिस्टिम-डीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, ठेवली. झोपण्याआधी सिस्टिम तिला 'प्री' असा शब्द देते, उठल्यावर 'पोस्ट'. प्रीला मॉड्यूल काढायचं, पोस्टला परत घालायचं.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चाललीच नाही. मी चार वेळा वाचली, अक्षर न अक्षर बरोबर. तुम्ही गप्प. मग म्हणालात, "घरात वायर आहे, पण जोडलीय का?" दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर फाइलींची यादी लांबलचक स्वरूपात काढली आणि माझ्या फाइलीपुढे एक्स नाही हे दिसलं. चालवायची परवानगीच दिली नव्हती. काकूंनी नंतर मला सांगितलं, की मी ती फाइल कशी बनवली ते ऐकतानाच तुम्हाला हे कळलं होतं. मुद्दाम बोलला नाहीत. त्या दहा मिनिटांबद्दल, काका, मनापासून आभार. आता ते मी कधीच विसरणार नाही.

या इलाजाची एक किंमत आहे, तीही तुम्ही लपवली नाहीत. एस-टू-आयडलमध्ये बॅटरी जास्त जाते. मी मोजलं: आठ तासांच्या रात्रीत डीपमध्ये चार टक्के जायची, एस-टू-आयडलमध्ये अकरा. म्हणून रात्री पूर्ण बंद करते आणि दिवसा झोपवते. माझ्या कामाला हे चालतं. ज्यांना लॅपटॉप दोन-दोन दिवस मिटून ठेवायचा असतो त्यांना चालणार नाही, त्यांनी आधी आपली मोजणी करावी. आणि चाचणी संपल्यावर पीएम टेस्टच्या फाइलीत 'नन' (none, म्हणजे कुठलीही चाचणी नाही) लिहायला विसरू नये, नाहीतर मशीन खरं झोपतच नाही. मी विसरले होते, तुम्ही खाली फोन करून आठवण केलीत.

स्क्रिप्ट म्हणजे डागडुजी, हेही तुम्ही बजावलंत. आयटूसी-हिडच्या ड्रायव्हरमध्ये लहरी टचपॅडांची एक यादी असते, उत्पादकाच्या आणि मॉडेलच्या क्रमांकासकट, आणि प्रत्येकाला कसं सांभाळायचं ते तिथे लिहिलेलं असतं. माझा टचपॅड त्या यादीत नाही. आपण दोघांनी मिळून नोंदी, क्रमांक, पायऱ्यांचे निकाल असं सगळं जोडून डेबियनकडे तक्रार पाठवली. इंग्रजी मी लिहिलं, प्रत्येक वाक्य तुम्ही ऐकलंत, आणि "चालत नाही" असं कुठेही राहू दिलं नाहीत. केव्हा, कितव्या वेळी, कशानंतर, ते लिहायला लावलंत. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की पहिला निरोप तुम्हाला.

दोन्ही अंक वेळेवर छपाईला गेले. शेवटच्या दिवशी छापखान्यात मी सहा वेळा झाकण मिटलं आणि सहा वेळा उघडलं. मशीनवाल्याच्या लक्षातही आलं नाही.

पहिली प्रत शनिवारी घेऊन वर येते. चष्मा उतरला असेल तर तुम्ही स्वतः वाचा, नाहीतर मी वाचून दाखवेन. वही अजून माझ्याकडे आहे. तिची शेवटची चार पानं कोरी आहेत, ती तशीच ठेवलीत, कारण काकूंच्या टॅबलेटचा आवाज मधूनच जातो असं त्या परवा म्हणत होत्या.

काकूंना नमस्कार.

आपली,
पहिल्या मजल्यावरची डीटीपीवाली