खोकं उघडण्याआधी हे वाचा

ति. आई आणि ति. बाबांस,
सा. नमस्कार.

उद्या किंवा परवा घरी एक मोठं खोकं येईल. ते दारातूनच परत पाठवू नका. आणि दादाला फोन करून ‘हिनं हे काय पाठवलंय’ असं विचारूही नका, निम्मा कट त्याचाच आहे. आत उशा आहेत. आई, तुझी ती चपटी उशी आता घरात सापडणार नाही. निघायच्या सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा ती माझ्या बॅगेत गेली. अभ्रा मात्र काढून तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलाय. त्यावरचं भरतकाम कुणाचं आहे ते मला माहीत आहे, तेवढी काही मी दुष्ट नाही.

रागावण्याआधी ऐकून घे. तुझ्या खांद्याचं माप घेतलं तेव्हा तू विचारलंस, स्वेटर विणतेस का गं? मी हो म्हटलं. स्वेटर मला विणता येत नाही हे तुलाही माहीत आहे, तरी तू गप्प उभी राहिलीस, म्हणजे तुलाही काहीतरी संशय होताच. ते माप उशीचं होतं. भिंतीला खांदा टेकवून उभं केलं आणि कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. १३ सेंटिमीटर भरलं. तू कुशीवर झोपतेस, म्हणजे रात्रभर तुझ्या डोक्याखाली तेवढी पोकळी राहते, आणि ती भरून काढणं एवढंच उशीचं काम. तुमची गादी मऊ आहे, खांदा थोडा आत रुततो, म्हणून तुझ्यासाठी ११ सेंटिमीटरची मागवली. कडक गादी असती तर पूर्ण १३ची घेतली असती. तुझी जुनी उशी मोजलीस तर हसशील. डोकं टेकल्यावर चार बोटंसुद्धा उरत नव्हती. म्हणूनच तर तू हात दुमडून उशीखाली घालतेस आणि सकाळी बोटांना मुंग्या आल्या म्हणून झटकत बसतेस. हाताला उशीचं काम करावं लागत होतं, दुसरं काय!

तू म्हणशील, इतकी वर्षं झोपलेच की. झोपलीस, खरं आहे. पण मानेतल्या सात मणक्यांना मुळातच पुढच्या बाजूला हलका बाक असतो आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं तोललेलं असतं. तरुणपणी रात्रभर मान वाकडी राहिली तर सकाळी दोनदा फिरवली की झालं. साठीनंतर मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, स्नायू पटकन आखडतात, मग सकाळची उसण दुपारपर्यंत उतरत नाही. दर आठवड्याला फोनवर ‘आज जरा मान धरलीये’ ऐकायचं आणि ‘शेक घे’ म्हणून फोन ठेवायचा, याचा मला कंटाळा आलाय. कंटाळा म्हणजे तुझा नव्हे गं. इतक्या लांबून शेक घे म्हणण्यापलीकडे मला काहीच करता येत नाही, त्याचा.

उशी लॅटेक्सची आहे. मेमरी फोमची घेणार होते, पण तो फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो. तू आधीच मध्यरात्री पंखा वाढवतेस. लॅटेक्सला हवा लागते, दाबलं की लगेच वर येतं, कूस बदलताना त्रास होत नाही. कापसाची नवी घ्यावी असंही मनात आलं, कारण तुला तिचाच वास आवडतो. पण कापूस काही महिन्यांत बसतो, गोळे होतात, मग पिंजून घ्या, पुन्हा भरा. ते आता तुम्ही दोघांनी करायचं नाही. सावरीची उशी मऊ असते पण तीही हळूहळू दबत जाते, आणि एवढ्या उंचीला तर ती टिकणारच नाही. साध्या फायबरच्या उशीचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. घरात त्या आहेत ना पाहुण्यांच्या, त्यातली एक मधोमध दुमडून सोडून बघ. पुन्हा सरळ झाली नाही तर ती उशी संपली असं समज. मी करून पाहिलं, चारही संपल्यात. पाहुण्यांचं नंतर बघू.

आता नवीन उशीवर नीट झोपायचं कसं ते. फक्त डोकं आणि मान उशीवर, खांदा गादीवर. अर्धा खांदा उशीवर चढवलास तर सगळं माप फुकट. उशी मानेच्या खाचेपर्यंत ओढून घे, नुसत्या कानाखाली ठेवू नकोस. बाबांना मागून बघायला सांग: डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठीचा कणा एका रेषेत दिसला पाहिजे, मान वरही नको आणि खालीही नको. खोक्यात एक छोटी उशी आहे, ती गुडघ्यांमध्ये. वरचा पाय पुढे घसरला की कंबर पिळली जाते, तुझं सकाळचं कंबर धरून उठणं त्यातलंच असणार. ज्या खांद्यात दुखतं त्या कुशीवर काही दिवस झोपू नकोस. दुसऱ्या कुशीवर झोप आणि दुखऱ्या हाताखाली, छातीशी, एखादी उशी धर, म्हणजे तो हात लोंबकळत राहणार नाही.

पहिले काही दिवस ती तुला परकी वाटेल. दोन आठवडे तरी तिला दे. त्यानंतरही मान दुखली तर मी ऐकेन, तोपर्यंत नाही. मात्र बोटांच्या मुंग्या दिवसाही येऊ लागल्या, किंवा हातातून वस्तू सटकायला लागल्या, तर उशीवर विसंबायचं नाही, लगेच सांगायचं.

मला ताप आला की तू रात्री येऊन उशी उलटी करायचीस, गार बाजू वर. मी जागी असायचे पण डोळे मिटून पडून राहायचे, कारण डोळे उघडले असते तर तू ‘झोप आता’ म्हणून गेली असतीस. कितीदा उठायचीस तू एका रात्रीत, देव जाणे. एवढ्यासाठी तरी मला ही उशी पाठवू दे.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तुमच्या उशा जागच्या जागी आहेत हे बघून तुम्ही मनात म्हणाला असाल, बघ, मी जिंकलो. जुन्या इजिप्तचे फराओ, म्हणजे तिथले राजे, कडक उशीवरच झोपायचे, हे तुमचं तुतनखामेन राजाचं उदाहरण पटलं हिला. १९२२ साली हॉवर्ड कार्टरनं ती कबर उघडली तेव्हा आत कडक शिरोधानं, म्हणजे डोकं टेकायच्या बैठका, सापडली, हे मला मान्य. ती माणसं लाकडावर आणि दगडावर मान टेकत, आणि चीनमध्ये तर चिनी मातीच्या उशा होत्या, हेही मान्य. पण त्यांच्या मानेचं काय होत होतं हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही, आणि तुतनखामेन विशीच्या आतच गेला. त्याला स्पाँडिलायटिसपर्यंत पोहोचायला वेळच मिळाला नाही.

तुम्ही उताणे झोपता. उताणं झोपणाऱ्याला खरं तर आईपेक्षा कमी उंचीची उशी लागते. कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत राहिली पाहिजेत. हनुवटी छातीकडे वळली की मान ताणते, घशातली वाट अरुंद होते आणि घोरणं वाढतं. (आई हसू नकोस.) फक्त तुमच्या पाठीला वरच्या बाजूला आता जरा बाक आलाय, त्यामुळे अगदी पातळ उशीही चालणार नाही, डोकं मागे लटकेल. म्हणून तुमची उशी चेन असलेली घेतली आहे. आत मेमरी फोमचे तुकडे आहेत, मूठभर काढा, मूठभर घाला, हवी ती उंची करा. तुम्हाला असली उठाठेव आवडतेच. आणि तुमच्या माहितीसाठी, हा फोम १९६६ साली नासासाठी, विमानाच्या आसनांकरता तयार झाला होता. म्हणजे तुमच्या फराओंच्या तोडीचा इतिहास यालाही आहे.

पण ही उशी लगेच वापरायची नाही. सध्या आहेत तशाच झोपा, एकही उशी कमी करायची नाही. का, ते सांगते, आणि पूर्ण वाचा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

दिवाणखान्यातल्या उशा तुमच्या खोलीत गेलेल्या मी पाहिल्या. आधी एक असायची, मग दोन झाल्या, आता तीन. विचारलं तर म्हणालात, अ‍ॅसिडिटी. असेलही. जळजळ असेल तर डोकं उंच केल्यानं बरं वाटतं, पण उशांवर उशा रचून माणूस मधूनच दुमडतो आणि पोटावर उलट दाब येतो. त्यासाठी पाठीपासून उतार लागतो, म्हणून खोक्यात तिरकी, पाचरीच्या आकाराची उशी आहे. ती कंबरेपासून वर लावायची. जळजळीला डावी कूसही बरी, कारण त्या बाजूला झोपलं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं.

मात्र मी रात्री पाण्याला उठले तेव्हा तुम्ही खिडकीपाशी खुर्चीत बसला होतात. म्हणालात, झोप येत नव्हती. मी काही बोलले नाही, तुम्हीही बोलला नाहीत, आणि आपण दोघांनी आईला सांगितलं नाही. आता मात्र सांगते आहे. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर वळ राहतात, तेही मी बघितलं. डॉक्टर मंडळी हृदयाच्या पेशंटला एक प्रश्न हमखास विचारतात: रात्री किती उशा लागतात? आडवं झालं की पायांतलं पाणी वर छातीकडे येतं, हृदय दमलेलं असेल तर ते फुफ्फुसात साचतं आणि माणसाला दम लागतो. मग तो नकळत उशा वाढवतो, किंवा उठून बसतो. लगेच भलतंसलतं मनात आणू नका. अशी लक्षणं दम्याची असू शकतात, वजनाची असू शकतात, आणि नुसती अ‍ॅसिडिटी निघाली तर मी स्वतः तुतनखामेनची माफी मागेन. पण तपासल्याशिवाय ते कळणार नाही. काकांच्या वेळी आपण सगळ्यांनीच ‘गॅस आहे’ म्हटलं होतं. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

तेव्हा गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे. विचारून घेतली असती तर तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दादा गाडी घेऊन येईल. आई बरोबर जाईल आणि आत बसेल, बाहेर नाही. तुमच्या कारभारात मला लुडबुड करायची नाही, आजवर घरातले सगळे निर्णय तुम्हीच घेतलेत आणि पुढेही घ्या. हा एक माझा.

आता पटापट सूचना. आई, नव्या उशा आल्या की दिवसभर वाऱ्यावर ठेव, फोमला सुरुवातीला वास येतो, तो जातो. सावलीत ठेव, उन्हात नको, ऊन लागलं की फोम आणि लॅटेक्स दोन्ही कडक होऊन तुटायला लागतात. कापसाच्या उशीची सवय तुला उन्हात नेईल, तेवढं लक्षात ठेव. भिजवायच्या तर मुळीच नाहीत. अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात, कारण बाबांच्या सकाळच्या शिंका उशीतल्या धुळीच्या किड्यांच्याही असतील. मशीनच लाव, हातानं पिळत बसू नकोस. दादा आला की त्याला सांग, पालथं झोपायचं सोड. ते जमत नसेल तर डोक्याखाली अगदी पातळ उशी, किंवा नसलेली बरी, आणि एक पोटाखाली. माझं तो ऐकत नाही.

बाबा, गुरुवारपर्यंत जिने कमी. रात्री दम लागून उठावं लागलं, तर आईला उठवायचं, तिची झोप मोडेल हा विचार करायचा नाही. छातीत दुखलं किंवा बसूनही श्वास पुरेना, तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दादाला फोन आणि सरळ दवाखाना. आणि डॉक्टरांनी उशांचा आकडा विचारला की तीनच सांगायचा. ‘एक-दीड’ वगैरे नाही. आई, ते कमी सांगतील, तेव्हा तू तिथल्या तिथे बोल. डॉक्टरांनी नेहमीच्या उशीला हरकत नाही म्हटलं, की मग चेनची उशी काढा, आणि किती मुठी फोम काढला ते मला कळवा.

तुमची,
चिमी