लाल बुटांबद्दल

प्रिय आई-बाबा,

बाबा, बायकांना घरात सोसाव्या लागणाऱ्या मारहाणीवर मी लाल रंगवलेल्या जुन्या बुटांचं प्रदर्शन मांडतेय, त्याबद्दल परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "बूट रंगवून कुणाचा मार थांबणार आहे?" तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

प्रदर्शनाने मारणाऱ्याचा हात थांबत नाही, हे खरं. पण तो हात इतकी वर्षं उठत राहतो, कारण आजूबाजूचे ऐकूनही गप्प बसतात. माझा सगळा खटाटोप त्या गप्प बसणाऱ्यांसाठी आहे.

मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये १९९०च्या दशकापासून कितीतरी बायका-मुली बेपत्ता झाल्या, मारल्या गेल्या. तिथे २००९ मध्ये एलिना शोवे या चित्रकर्तीने लाल बुटांचे ३३ जोड भर रस्त्यात मांडले. तिच्या सख्ख्या बहिणीचा जीव नवऱ्यानेच घेतला होता. रिकामे बूट पाहिले की ते घालणारी कुठे गेली, हे आपसूकच मनात येतं.

आणि बाबा, तुम्ही नकाशात रमणारे, म्हणून हेही सांगते. १९७७ मध्ये सुझान लेसी या अमेरिकन कलाकार बाईने लॉस एंजेलिसचा मोठा नकाशा लावला आणि तीन आठवडे, पोलिसांत बलात्काराची नोंद होईल तिथे रोज लाल शिक्का मारला. आपल्या गल्लीवर शिक्का दिसला की 'हे दुसरीकडे घडतं' म्हणायची सोय उरत नाही.

सुजलेला डोळा, फुटलेला ओठ दाखवणारी पोस्टरं मला पटत नाहीत. माणसं चटकन नजर वळवतात. शिवाय पैसे काढून घेणं, कोंडून ठेवणं, रोजचा अपमान, यांचे वळ कातडीवर उठतच नाहीत. जिला हे सोसावं लागलं, तिला चेहरा न दाखवता सांगता यायला हवं.

सध्या बूट रंगवतेय. कापडी बूट रंग पिऊन टाकतो. चामड्याचा आधी पॉलिश पेपरने घासावा लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. आतून मात्र मी रंग लावत नाही. तिथे बोटांचे ठसे उमटलेले असतात, टाचेशी झिजलेलं असतं. ते मला जसंच्या तसं हवंय.

आई, तू वापरलेला एखादा जुना जोड पाठवशील? नवा नको. आणि बाबा, उद्घाटनाला तुम्ही याच. बायका येतीलच, पण दारापाशी घुटमळणाऱ्या पुरुषांना आत आणायला तुमच्या वयाचं माणूस हवंय मला.

तुमची,
लेक