उद्या सकाळी स्टेअरिंगवर कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या सहलीवरचे लेख आणि व्हिडिओ पाहिले, की एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. दोन मित्र, भाड्याची गाडी, दिवसा ग्रँड कॅन्यन, रात्री लास व्हेगास. दिवस सुरेख, रात्रही सुरेख. या दोहोंमधली सकाळ मात्र कोणी दाखवत नाही. चौघे असतील तर एखादा न पिणारा निघतो. दोघांत ती सोय नसते. म्हणून अशा सहलीत आधी ‘उद्या सकाळी स्टेअरिंगवर कोण’ हे ठरवावे आणि ठिकाणांची यादी त्यानंतर करावी. त्याविषयी थोडे कामाचे.

पहिला मोह देश आडवा कापण्याचा. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रस्त्याने सुमारे २८०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर. रोज आठ तास गाडी हाकली तरी पाच-सहा दिवस नुसत्या डांबराचे. दोन आठवड्यांच्या रजेत हा हट्ट धरू नये. रूट ६६ चे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण १९२६ साली क्रमांक मिळालेला हा रस्ता १९८५ साली अधिकृत यादीतून उतरला आणि आता तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे. ॲरिझोनातला सेलिगमन ते किंगमन हा टप्पा केला तरी हौस भागते, आणि तो ग्रँड कॅन्यनहून व्हेगासला परतताना वाटेवरच लागतो.

पार्टीची शहरे विमानाने करावीत, गाडीविना. न्यूयॉर्कमध्ये सबवे रात्रभर धावते. गाडी नेली तर मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली शिरताना, जानेवारी २०२५ पासून, दिवसाचा गर्दी-कर ९ डॉलर, पार्किंग वेगळे. न्यू ऑर्लिन्सची मजाच पायी आहे. बर्बन स्ट्रीटवर प्लास्टिकच्या ग्लासात दारू घेऊन हिंडता येते, काचेची बाटली चालत नाही. व्हेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, टॅक्सीला रस्त्यात हात दाखवून ती थांबत नाही, हॉटेलच्या दारातल्या रांगेतूनच घ्यावी लागते.

गाडी घ्यायची ती फक्त निसर्गाच्या टप्प्यासाठी. व्हेगास, युटातली झायॉन आणि ब्राइस कॅन्यन ही उद्याने, ॲरिझोनातले पेज शहर, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिण कडा) आणि पुन्हा व्हेगास, असा फेरा सुमारे हजार मैलांचा होतो. घेतली तिथेच परत केल्याने दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचा भुर्दंडही वाचतो. सात दिवस ठेवावेत. पाचात होतो, पण मग फक्त रस्ताच पाहून होतो.

आता त्या सकाळचा हिशेब. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांची ३५५ मिलिलिटर बिअर किंवा ४० टक्क्यांची ४४ मिलिलिटर व्हिस्की, म्हणजे आपल्या ६० मिलिलिटरच्या लार्जपेक्षा कमीच. पण क्राफ्ट बिअरच्या बारमध्ये साडेसात टक्क्यांची बिअर ४७३ मिलिलिटरच्या ग्लासात येते. तो एक ग्लास म्हणजे सरळ दोन ड्रिंक. तीन ग्लास रिचवून ‘तीनच तर बिअर झाल्या’ म्हणणाऱ्याने सहा घेतलेल्या असतात.

शरीर रक्तातले अल्कोहोल तासाला सरासरी ०.०१५ टक्के या गतीने उतरवते. आंघोळ, काळी कॉफी, पॅनकेकची थाळी, कशानेही ही गती वाढत नाही. रात्री दोनला पातळी ०.१५ असेल तर सकाळी सहाला ०.०९ असते. व्हेगासच्या नेवाडा राज्यात मर्यादा ०.०८, म्हणजे सहाला निघणारा गुन्हेगार. सातला निघाला तर ०.०७५, जेमतेम आत. पण झायॉनकडे जाणारा महामार्ग ॲरिझोनाचा कोपरा कापून सुमारे दीड तासात युटामध्ये शिरतो, आणि डिसेंबर २०१८ पासून युटाची मर्यादा ०.०५ आहे. तेव्हा त्याच्या रक्तात अजून ०.०५ च्या किंचित वर असते. डोके साफ, भूक लागलेली, रात्रीची नशा विसरलेली, आणि तरीही कायद्याने मद्यधुंद. शिवाय हा सरासरीचा हिशेब आहे. कोणाचे शरीर याहून संथ चालते, आणि मर्यादेच्या आत असूनही गाडी वाकडीतिकडी चालली तर पोलीस पकडू शकतातच.

दंड आणि वकील हा त्यातला लहान भाग. परदेशी पाहुण्याला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, खटला अजून उभा राहायचा असला, तरी अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. पुढच्या अर्जात त्या अटकेचे उत्तर द्यावे लागते. पुढे तिकडेच शिकायचा किंवा नोकरीचा विचार असलेल्या पंचविशीतल्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

म्हणून व्हेगासच्या शेवटच्या रात्रीनंतर गाडी ताब्यात घेण्याची वेळ दुपारची ठेवावी आणि पहिल्या दिवशी झायॉनपर्यंतचे १६० मैलच करावेत. पुढे रोज संध्याकाळी आधी गाडी मुक्कामाला लावायची, मग ग्लास, तोही चालत जाण्याच्या अंतरावर. फोडलेली बाटली गाडीत हाताशी ठेवू नये. बहुतेक राज्यांत तो वेगळा गुन्हा आहे, आणि शेजारी बसलेल्याने प्यायली तरीही. उरलेली बाटली डिकीत.

युटात आणखी गमती आहेत. उपाहारगृहात दारू मागवायची तर जेवणही मागवावे लागते. किराणा दुकानात ५ टक्क्यांपर्यंतचीच बिअर मिळते, त्यावरचे सारे सरकारी दुकानात, आणि ते रविवारी बंद. मॉन्युमेंट व्हॅली तर नवाहो लोकांच्या राखीव प्रदेशात येते. तिथे दारूची विक्री तर नाहीच, जवळ बाळगणे आणि पिणेही मना आहे. पेज शहर त्या हद्दीबाहेर असले तरी तिथून निघाल्यावर ग्रँड कॅन्यन जवळ येईपर्यंत रस्ता जवळजवळ सारा नवाहो भूमीतूनच जातो. तेव्हा डिकीतला बिअरचा खोका पेजमध्येच निकालात काढावा. निकालात म्हणजे कोणाला तरी देऊन टाकावा. एका रात्रीत संपवायला बसले की वरचा हिशेब पुन्हा लागू होतो.

बारमध्ये वय २१ पूर्ण हवे, चाळिशीचा दिसणाऱ्यालाही ओळखपत्र मागतात. आधार आणि मोबाइलमधला फोटो निरुपयोगी, मूळ पासपोर्टच लागतो. तो पुढच्या खिशात ठेवावा. रंगीत प्रत आणि आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची छापील प्रत सामानात असावी. कार्ड देऊन टॅब, म्हणजे बारमधला चालू हिशेब, उघडला असेल तर निघताना तो मिटवून कार्ड परत घ्यायचे, हे पहाटे दोनला दोघेही विसरतात. टिप जेवणावर १८ ते २० टक्के, बारमध्ये ग्लासामागे एखाद-दुसरा डॉलर. बिलात ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टिपच, आधीच धरलेली आहे का, ते पाहूनच वर द्यावी.

गांजाचे थोडक्यात. नेवाडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या राज्यांत २१ वर्षांवरच्यांना तो दुकानात मिळतो. पण केंद्रीय कायद्याने अजूनही बंदी आहे, राष्ट्रीय उद्याने केंद्राची आहेत, आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर सेवनाची कबुली दिली तर पुढचा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पाहुण्याने त्या दुकानाची पायरी चढूच नये.

गाडी भाड्याने घेताना मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. फॉरेक्स कार्ड प्रीपेड असल्याने काउंटरवर ते घेत नाहीत, आणि दोघांकडे तेवढेच असेल तर सहल तिथेच अडकते. पंचविशीच्या आतल्या चालकाला रोजचा जादा आकार पडतो. दोघेही चालवणार असतील तर दोघांची नावे करारात घालावीत. नाव नसलेल्याच्या हातून ठोकर बसली तर विमा हात वर करतो. भारतीय परवाना मूळ स्वरूपात हवा. आंतरराष्ट्रीय परवाना हे त्याचे भाषांतर असते, एकटा चालत नाही. तो निघण्याआधी आरटीओतून काढावा, मुदत एक वर्षाची. भारतातून बुकिंग करताना मिळणाऱ्या दरात अनेकदा विमा धरलेला असतो, आणि काउंटरवर तोच पुन्हा गळ्यात मारतात. छापील आरक्षण हातात ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी, मगच पडद्यावर सही करावी.

पेट्रोल पंपावर यंत्र कार्डामागे पिन कोड विचारते आणि परदेशी कार्ड नाकारते. आत जाऊन ‘चार नंबरच्या पंपावर चाळीस डॉलर’ असे सांगून आधी पैसे भरावेत, कमी भरले गेले तर उरलेले परत येतात. बहुतेक पंपांवर हिरवी मूठ डिझेलची. टाकी अर्धी झाली की भरावी, कारण पेजच्या पुढे दोन पंपांमधले अंतर फसवे आहे.

उद्यानांचे दर बदलले आहेत आणि जुने लेख इथे दिशाभूल करतात. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला. पासशिवाय गेले तर ग्रँड कॅन्यन, झायॉन, ब्राइस, योसेमिटी, यलोस्टोनसह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा. एका ग्रँड कॅन्यनलाच दोघांचे दोनशे अधिक गाडीचे पस्तीस होतात. वरच्या फेऱ्यात अशी तीन उद्याने आहेत, तेव्हा पासच घ्यावा. साउथ रिम सुमारे ७००० फुटांवर आहे, हवा कोरडी. आदल्या रात्रीची दारू आणि ही उंची एकत्र आली की डोके फुटते. खाली उतरायला एक तास लागला तर वर यायला दोन धरावेत. पायवाटेवरून उचलून आणावे लागणारे बहुतेक जण उतरणीच्या सोपेपणाला फसलेले असतात.

आणि घड्याळ. ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, युटात पाळतात, आणि ॲरिझोनातच असलेल्या नवाहो प्रदेशातही पाळतात. पेजमध्ये मोबाइल कधी या बाजूचा मनोरा पकडतो, कधी त्या बाजूचा, आणि तासाने पुढे-मागे उडी मारतो. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये नवाहो वाटाड्याशिवाय जाता येत नाही. त्याची आरक्षित वेळ चुकली की पैसे बुडतात. पेजला पोचताच फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून फीनिक्सची वेळ हाताने लावावी, आणि आरक्षणावर कोणती वेळ छापली आहे ते आदल्या संध्याकाळी, पहिला ग्लास भरण्याआधी, वाचून ठेवावे.

आपला,
एक वाचक