अण्णांच्या मानेतला आवाज ऐकवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

श्रावणात अण्णांच्या उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा उतरावा तसा अंधार आला आणि पाचेक मिनिटांत निघून गेला. जिथे दाखवलं तिथे चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानेचं डॉपलर, म्हणजे शिरांतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, करायला तुमच्याकडे पाठवलं. "दुखणं डोळ्याचं, तपासणी मानेची?" अण्णा वाटभर कुरकुरत होते.

तुम्ही आधी त्यांची शंका फेडलीत. डोळ्याकडे जाणारं रक्त मानेतल्या कॅरोटिड नावाच्या मोठ्या रक्तवाहिनीतूनच वर चढतं, तिथल्या चरबीच्या थराचा कण सुटला की डोळ्यात जाऊन अडकतो, आणि पुढचा कण मेंदूत गेला तर अर्धांगवायू. मग गार जेल, मानेवर फिरवायचा प्रोब, आणि मशीनचा आवाज तुम्ही मुद्दाम मोठा केलात. डावीकडे सूं... सूं... असा संथ ठेका. उजवीकडे मात्र वारा फटीतून घुसावा तशी कर्कश शीळ.

अण्णा शेतकरी. "पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं सुसाट सुटतं?" एवढं तुम्ही विचारलंत आणि त्यांना सगळं उमगलं. धावत्या रक्तपेशींवर आपटून परतणाऱ्या ध्वनिलहरींची पट्टी बदलते, त्यावरून वेग कळतो. ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये ताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेलं तत्त्व ते हेच, हे मी नंतर वाचलं. सुई नाही, डाय नाही, क्ष-किरण नाहीत.

पडद्यावर उजव्या, अरुंद झालेल्या शिरेतल्या रक्ताचा वेग सेकंदाला ३१० सेंटिमीटर आला. १२५ च्या आत हवा होता. तरी तुम्ही लगेच लिहून टाकलं नाहीत. प्रोबचा कोन ६० अंशांच्या वर गेला तर आकडा फसवतो म्हणून तुम्ही तीनदा मोजलंत. बाहेर रांग होती, जेवणाची वेळ टळून गेली होती. त्या तीन वेळांसाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. रिपोर्ट टाइप होण्याआधीच तुम्ही न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावलात. दहाव्या दिवशी ऑपरेशन होऊन शीर साफ झाली.

परवा फेरतपासणीला आलो, तेव्हा तुम्ही रजेवर होतात. आकडा ९० आला. अण्णांनी तिथल्या डॉक्टरांना आवाज मोठा करायला लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. "मॅडमना कळव," म्हणाले.

आपली कृतज्ञ,
अण्णांची धाकटी लेक