आधी दोष शोधा, मग फॉरमॅट मारा

संपादक महोदय,

मे-जून लागला की नागपुरातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते, 'मशीन आपोआप रिस्टार्ट होते.' त्यावरचे उत्तरही ठरलेले, 'विंडोज उडाले, फॉरमॅट मारावे लागेल.' फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरचे सारे पुसून विंडोज नव्याने टाकणे. मशीन न तपासताच दिलेल्या या उत्तराबद्दल मला लिहायचे आहे.

महाल भागात माझे ऑनलाइन फॉर्म आणि मराठी टायपिंगचे छोटे दुकान आहे. प्रवेशाच्या ऐन गर्दीत आमच्या संगणकाने हा खेळ मांडला. एका मुलाचा फोटो, सही, गुणपत्रिका सारे चढवून झाले, पैसे भरायचे बटण दाबले आणि स्क्रीन काळी! मागे उभे असलेले त्याचे वडील लगेच म्हणाले, "काऊन ताई, पैसे तं नाही न कटले?"

बर्डीवरच्या एका दुकानाने मशीन ठेवून घेतले आणि फॉरमॅट करून दिले. मराठी फॉन्ट गेले, प्रिंटरचे ड्रायव्हर गेले, डेस्कटॉपवरची गिऱ्हाइकांची कामे गेली. रिस्टार्ट तेवढे राहिले. मग म्हणे मदरबोर्ड बदला.

तेवढ्यात पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा घरी आला. त्याने पेचकस हातात घेण्याआधी विचारले, "मावशी, हे नेमके केव्हा होते?" सकाळी कधीच नाही. दुपारी होते, आणि पंखा-दिवे क्षणभर मंदावले की हमखास. अर्धे निदान तिथेच झाले. भरदुपारी गल्लीतले कूलर, एसी एकदम चालतात, २३० असायचे ते व्होल्टेज पार खाली येते आणि यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी संगणक थोडा वेळ चालू ठेवणारा डबा, बॅटरीवर जातो. बॅटरीच मेलेली असेल तर संगणकाची वीज क्षणभर तुटते आणि तो नव्याने सुरू होतो. आमचा यूपीएस उघडला तर बॅटरी अशी फुगलेली, की खोबणीतून निघता निघेना. या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यापुढे दर १० अंशांना ते जवळजवळ निम्मे होते. बाहेर पारा ४५ वर असताना टेबलाखालच्या कोंदट कोपऱ्यात तिचे काय होणार? त्यात यूपीएस बसवणाऱ्याने लेझर प्रिंटरही त्याच्यावरच जोडून ठेवला होता. प्रिंटरचा रोलर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएसला ते झेपतच नाही. प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डाला लावला, बॅटरी नवी आणली. मदरबोर्ड जुनाच आहे आणि मशीन भरदुपारीही बिनतक्रार चालते.

प्रत्येक मशीनचे दुखणे हेच असेल असे नाही. पण ते शोधायची सोय विंडोजमध्येच आहे. विंडोजची नोंदवही असलेल्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये सिस्टिमच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसते. मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते. सोबत 'बगचेक'ची, म्हणजे विंडोज त्रुटी दाखवत निळ्या स्क्रीनवर कोसळल्याची, नोंद असेल तर ड्रायव्हर, रॅम तपासावी. ४१ एकटीच असेल तर आधी वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता बघावी. निळी स्क्रीन वाचायच्या आत मशीन रिस्टार्ट होत असेल तर विंडोजच्या सेटिंगमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'तल्या 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढून टाकावी, म्हणजे त्रुटीचा कोड स्क्रीनवर थांबतो. प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळही काढावी. आमच्या मशीनमधून जुन्या गादीतल्या कापसासारखा थर निघाला. आणि कृपा करून कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका. गार हवेबरोबर ओलावाही आत जातो, हे कूलर विकणारा सांगत नाही.

हे सगळे तपासायला फॉरमॅट मारण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून दुकानदारांना विनंती, की फॉरमॅट मारण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, त्याच्या फाइली काढून ठेवा आणि काय बिघडले होते ते बिलावर लिहून द्या. माझ्या बिलावर रकमेसमोर फक्त 'सर्व्हिसिंग' लिहिले आहे.

– एक टायपिंग केंद्रचालिका, महाल, नागपूर