ॲशवेलच्या मनोऱ्यातली ओळ

सातारा

चि. ईशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केंब्रिजच्या आसपासची चर्च आता सगळी सारखीच वाटू लागली आहेत, असं तू परवा फोनवर म्हणालीस. कमानी, रंगीत काचा, थडगी, पुन्हा कमानी. साहजिक आहे. पण तिथला मुक्काम संपण्याआधी एका चर्चसाठी माझा हट्ट आहे. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेल गावचं सेंट मेरी. तुझी आई आणि मी ते पाहिलं, त्या दिवशी तू लॅबमध्ये अडकली होतीस. आता सवड काढच.

लंडनकडे जाणाऱ्या धीम्या गाडीने रॉयस्टनच्या पुढच्या स्टेशनावर उतर. गाव तिथून बरंच लांब आहे, सायकल बरोबर घे. शेतांमधून जाताना मनोरा फार आधीपासून दिसू लागतो. १७६ फूट उंची, वर अष्टकोनी मजला आणि त्यावर शिशाने मढवलेली बारीक सुई. एवढ्याशा गावाला एवढा मनोरा कशाला, असं तुला वाटेल. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या इंग्लंडच्या जमीन-पाहणीत, ॲशवेल हे बाजारपेठेचं गाव आहे आणि त्याची जमीन वेस्टमिन्स्टर ॲबी या मठाकडे होती. पुढे पेठ ओसरली, मनोरा राहिला.

आत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेव. मधला लांबरुंद भाग, ज्याला ते नेव्ह म्हणतात, तो गावकऱ्यांचा. त्याची डागडुजी गावानेच करायची. पूर्वेकडचा, वेदीचा भाग म्हणजे चान्सेल, त्याची जबाबदारी धर्मगुरूची. मध्ययुगातली सगळ्या इंग्लंडची ही रीत. त्यामुळे एकाच छपराखाली दोन खिशांचे पैसे लागलेले असतात, आणि एक भाग थाटाचा, दुसरा साधा असं कितीतरी गावांत दिसतं. आज ॲशवेलला आत पांढरा, मोकळा उजेड आहे, आणि तो मला आवडलाही. पण त्या काळी इंग्लंडमधली अशी चर्च रंगाने भरलेली असत. भिंतींवर संतांची आणि नरकाची चित्रं, मूर्तींपुढे दिवे. १५४७ नंतर राजाज्ञेने मूर्ती काढल्या, चित्रांवर चुना फासला.

आता मी ज्यासाठी लिहितोय ते. मनोऱ्याच्या तळाशी आतल्या बाजूला उत्तरेची भिंत आहे. तिथे थांब. तिच्या दगडावर कुणीतरी अक्षरं ओरखडून ठेवली आहेत. समोरून पाहिलंस तर काही दिसणार नाही. मोबाइलची बॅटरी भिंतीला लागून, अगदी तिरपी धर, म्हणजे ओरखड्यांच्या कडांना सावली पडते आणि अक्षरं वर येतात. मी वीरगळ आणि शिलालेख वाचताना हेच करतो, लहानपणी तूही माझ्यासाठी बॅटरी धरली आहेस.

अक्षरं लॅटिन आहेत. आधी साल येतं, तेही कोड्यासारखं: एम एकदा, सी तीनदा, एक्स पाचदा. हजार, तीनशे, पन्नास. १३५०. प्लेग १३४८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागला आणि दोनेक वर्षांत देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. लिहिणारा म्हणतो, काळ दीनवाणा, क्रूर, हिंसक; साक्षीला उरलेत ते लोकांमधले सगळ्यात वाईट. त्या उरलेल्यांत तो स्वतःही आहे, हे वाचताना अंगावर येतं. लॅटिन येत होतं म्हणजे माणूस शिकलेला, बहुधा तिथलाच एखादा पाद्री. नाव त्याने लिहिलेलं नाही.

खाली आणखी एक घटना आहे. मोठं वादळ, संत मॉरच्या दिवशी जगभर गरजलेलं, आणि साल १३६१. संत मॉरचा दिवस १५ जानेवारी. याच वादळात नॉर्विच कॅथीड्रलचा कळस कोसळला, आणि इतिहासकार त्याचं साल १३६२ सांगतात. भिंतीवरचं साल चुकलेलं नाही बरं का. तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी जुन्याच सालात मोजला जाई. शकाचं इसवीसन काढताना मी ७८ मिळवतो, पण तिथी पौषाच्या अखेरची किंवा माघ-फाल्गुनातली असली की ७९ धरावे लागतात, ते तुला आठवत असेल. इथे तसाच फरक निघाला तेव्हा मला फार आनंद झाला. त्याच १३६१ मध्ये प्लेग पुन्हा आला होता आणि त्यात लहान मुलं फार गेली. ओळींमध्ये मुलांचा उल्लेख नाही, पण साल बघून मला तेच आठवलं.

हे सगळं तिथे टिकलं, किंबहुना लिहिता आलं, ते दगडामुळे. आतलं बांधकाम क्लंचचं आहे, म्हणजे तिथल्याच टेकड्यांमधला मऊ, खडूसारखा दगड. मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला ऊनपावसाने तो खाल्ला गेलाय, दुरुस्त्या लगेच ओळखू येतात. पण आत, कोरड्यात, सुरीच्या टोकाने कुणालाही त्यावर लिहिता येतं. आपल्या काळ्या पाषाणावर तसं होत नाही. त्याला पाथरवट लागतो, पाथरवटाला पैसे लागतात, म्हणून मी आयुष्यभर वाचले ते बहुतेक लेख दान देणाऱ्यांचे आणि सत्ताधाऱ्यांचे. १८९७ च्या प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिलेल्या आपल्या माणसांची एक ओळही कुठल्या देवळाच्या भिंतीवर मला सापडलेली नाही. म्हणून ॲशवेलच्या त्या अनामिकाचं मला इतकं महत्त्व वाटतं.

प्लेगच्या ओळींजवळच उंच कळसाच्या एका मोठ्या चर्चचं चित्र कोरलंय. जाणकार ते लंडनच्या जुन्या सेंट पॉलचं मानतात. त्याचा कळस १५६१ मध्ये विजेने जळाला आणि उरलेली इमारत १६६६ च्या आगीत गेली. त्यानंतर नेव्हच्या खांबांकडे वळ. एका खांबावर कुणीतरी लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय, की कोपरे नीट जुळलेले नाहीत, मी थुंकतो यांच्यावर. कुणी गवंडी असेल किंवा त्याच्यावर देखरेख करणारा. तो खांब सापडेपर्यंत निघू नकोस.

भिंतीला हात मात्र लावू नकोस. बोटांच्या घामाने तो दगड झिजतो. जमलं तर गावातले झरेही बघ, जमिनीतून स्वच्छ पाणी वर येतं. ते वाहत जाऊन कॅम नदीला मिळतं, म्हणजे तू रोज पुलावरून बघतेस त्यात थोडं तिथलं पाणी आहे.

दाराजवळ दानपेटी आहे. एवढा मनोरा आजही मुख्यतः गावचे लोकच वर्गणी काढून सांभाळतात. आपल्या घरच्या नावाने त्यात काहीतरी टाक, मी पैसे पाठवतो. आणि त्या उत्तरेच्या भिंतीचे तिरप्या उजेडातले फोटो काढून पाठव, माझे नीट आलेले नाहीत.

तब्येतीला जप. आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा