जागलीचा टॉर्च घेताना सेलचा आकार आधी पाहावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रब्बी हंगाम सुरू झाला की आमच्या चिमूर-सिंदेवाही पट्ट्यातील शेतकऱ्याच्या रात्री शेतावरच जातात. कृषिपंपाची थ्री फेज लाइन ज्या आठवड्यात रात्रपाळीची असते, त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच निघावे लागते. आणि लाइन दिवसाची असली, तरी रानडुकरे व रोही (नीलगाई) यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागल काही चुकत नाही. ताडोबाच्या आसपासच्या गावांत धुऱ्यावर अस्वल, बिबट किंवा वाघ समोर येणे ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी हातातला टॉर्च ऐनवेळी मंद होणे हा जिवाशी खेळ आहे. गावात विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीचे काम करीत असल्याने असे टॉर्च नेहमी माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा दोष दिव्याचा नसतो, सेलचा असतो. म्हणून खोक्यावर लिहिलेले लुमेन, म्हणजे उजेडाचे माप, वाचण्याआधी ‘यात सेल कोणत्या आकाराचा बसतो?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लिथियम सेलवर जो पाच आकडी क्रमांक असतो, तो त्याचे मापच सांगतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. २६६५० म्हणजे २६ आणि ६५. तिन्ही सेल साधारण ३.६ ते ३.७ व्होल्टचे असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातात. फरक असतो तो आत किती ऊर्जा मावते आणि तो सेल न तापता किती करंट देऊ शकतो यात. सोनी कंपनीने १९९१ साली पहिला लिथियम-आयन सेल बाजारात आणला, तेव्हापासून या सेलची क्षमता पुष्कळ वाढली आहे. तरीही नामांकित कंपन्यांचा १८६५० साधारण ३,५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचे माप) आसपास थांबतो आणि २१७०० चा सेल सहसा ५,००० चा असतो.

असे असताना आठवडी बाजारात ९,९०० एमएएच छापलेला १८६५० सर्रास विकला जातो. एवढी क्षमता त्या नळकांडीत मावतच नाही. हे ओळखायला मीटर लागत नाही, सराफाचा काटा पुरतो. चांगला १८६५० पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ग्रॅम भरतो आणि २१७०० सत्तर ग्रॅमच्या आसपास. दुरुस्तीला आलेल्या एका टॉर्चमधला असा ‘९,९००’ चा सेल मी काट्यावर ठेवला, तर तो पुरते तीस ग्रॅमही भरला नाही. वेष्टन झगमगीत होते, पण सेल बोटांनाच पोकळ जाणवत होता.

आता हिशेब रात्रीचा. एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॅट-तास मिळतात. ३,४०० चा १८६५० सव्वाबारा वॅट-तासांच्या आसपास देतो, तर ५,००० चा २१७०० अठरा. चांगल्या एलईडी टॉर्चला हजार लुमेनच्या उजेडासाठी ढोबळमानाने दहा वॅट लागतात, म्हणजे २१७०० वर असा उजेड दीड तासाच्या वर टिकणे कठीण. तोच टॉर्च तीनशे लुमेनवर ठेवला, तर पाच तासांच्या पुढे चालतो. जागलीला सतत लखलखाट लागतच नाही. बांधावरून चालताना, पाण्याचे बारे देताना किंवा पायाखालचा साप पाहताना मंद उजेड पुरतो आणि पूर्ण प्रकाश हवा असतो तो धुऱ्यापलीकडे खसखस ऐकू आल्यावर मिनिटभर. त्या मिनिटासाठी सेलमध्ये दम शिल्लक असावा लागतो.

हा दम करंटवर ठरतो आणि खरेदी करताना नेमकी हीच बाब कोणी विचारत नाही. तीन हजार लुमेनचा टॉर्च सुमारे तीस वॅट ओढतो, म्हणजे एकाच सेलमधून आठ-नऊ अँपिअर. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला झिजका सेल एवढा करंट मागताच बसतो. व्होल्टेज खाली येते, सेल तापतो आणि टॉर्च लुकलुकू लागतो. म्हणून एका सेलवर चालणारा मोठा टॉर्च घ्यायचा असेल, तर माझे मत स्पष्टपणे २१७०० च्या बाजूने आहे. डोक्याला बांधायच्या दिव्याला मात्र १८६५० बरा, कारण पाणी देताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि कपाळावर वजन नको असते. २६६५० वाईट नाही, पण क्षमता जवळपास २१७०० एवढीच आणि मुठीत जाड; तो असलेला टॉर्च घरात असेल तर वापरावा, मुद्दाम नवा घेऊ नये.

सौर दिव्यातला ३२६५० हा जाडजूड सेल काढून टॉर्चला जोडणारे काही जण भेटतात. त्यावर ६,००० एमएएच लिहिलेले असते, पण बहुधा तो लिथियम आयर्न फॉस्फेटचा, ३.२ व्होल्टचा असतो. म्हणजे ऊर्जा १९ वॅट-तासांच्या आसपास, २१७०० पेक्षा किंचितच जास्त, आणि वजन जवळपास दुप्पट. तो ३.६५ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचा असतो, ४.२ व्होल्टच्या चार्जरवर लावू नये. तसेच १४५०० हा सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण व्होल्टेज दुपटीहून जास्त, म्हणून तो लेकरांच्या हाती किंवा भिंतीवरच्या घड्याळात जाऊ देऊ नये.

मापाचा आणखी एक घोळ आहे. संरक्षण सर्किट बसवलेला १८६५० प्रत्यक्षात ६७ ते ७० मिलिमीटर भरतो आणि काही टॉर्चमध्ये त्याचे झाकण लागत नाही. उलट सपाट टोकाचा सेल काही टॉर्चमध्ये पुढच्या टिकलीला टेकतच नाही. अशा वेळी २१७०० च्या टॉर्चमध्ये पुठ्ठ्याची सुरळी करून १८६५० बसवतात आणि उरलेल्या जागेत चांदीच्या कागदाची गोळी कोंबतात. सेलचे संपूर्ण कवच ऋण टोक असते आणि धन टोकापासून ते वेगळे ठेवते ती फक्त कागदाची एक चकती व वरचे पातळ वेष्टन. ते फाटलेले असेल आणि त्यावर चांदीचा कागद सरकला, तर थेट शॉर्ट होतो. पक्के वेष्टन चढवून घेणे स्वस्त काम आहे. फाटका सेल खिशात किल्ल्यांसोबत ठेवणे महागात पडते. दोन सेल एकापुढे एक बसणाऱ्या टॉर्चमध्ये एक नवा व एक जुना असे कधीही घालू नये.

उन्हाळ्याचेही लिहिले पाहिजे. हे सेल साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच चार्ज करायचे असतात आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेरचाच पारा त्याच्या पुढे जातो. टिनाच्या खोलीत तर विचारायलाच नको. चार्जिंग पहाटे करावे आणि दुचाकीच्या डिक्कीत भरदुपारी सेल ठेवू नये. हंगाम संपल्यावर सेल पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा न ठेवता अर्धा चार्ज करून माठाजवळच्या थंड कोपऱ्यात वेगळा काढून ठेवावा.

ग्रामपंचायती, वन समित्या व सेवाभावी संस्था अधूनमधून शेतकऱ्यांना टॉर्च वाटतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना माझी विनंती आहे की दरपत्रक मागवताना केवळ ‘एलईडी टॉर्च, नग अमुक’ एवढेच न लिहिता सेलचा आकार, क्षमता, किमान करंट आणि आयएस १६०४६ नुसार भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक या चार गोष्टी लिहाव्यात. सेल काढता येणारा असावा, आत कायमचा चिकटवलेला नसावा. वापरून संपलेले सेल परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या विक्रेत्यांनी दुकानात जुन्या सेलसाठी एक डबा ठेवावा. आज हे सेल उकिरड्यावर जातात, आणि उकिरडा पेटवण्याची आपल्याकडे रीतच आहे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. चिमूर, जि. चंद्रपूर